कोयना नदी

कोयना ही सातारा जिल्ह्यातील नदी, कृष्णेची उपनदी. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून सुमारे १३० किलोमीटर वाहत ती कराडला कृष्णेला मिळते. महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला किंवा पश्चिमेला जातात. कोयना मात्र निम्मी वाट सह्याद्रीच्या कडेकडेने, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकपाशी एकदम पूर्वेला वळते. नकाशा उघडून हे वळण बोटाने गिरवून पाहा. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. तिथून त्यांचे पाणी पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे निघते.

पण कोयनेचे सगळे पाणी तिकडे जात नाही, आणि या नदीची खरी नवलाई हीच. १९६४ मध्ये कोयनानगरजवळ १०३ मीटर उंचीचे धरण पूर्ण झाले. त्यामागे अडलेल्या पाण्याचा शिवसागर जलाशय थेट तापोळ्यापर्यंत पसरला आहे. त्यात सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते. जलाशयाच्या पश्चिमेला डोंगराची रांग आहे आणि तिच्यापलीकडे, शेकडो मीटर खाली, कोकण. अभियंत्यांनी डोंगर पोखरून बोगदे काढले. त्यांतून पाणी प्रचंड वेगाने खाली उतरते, पोफळीला डोंगराच्या पोटातल्या वीजघरात टर्बाइन फिरवते आणि मग वाशिष्ठी नदीत सोडले जाते. वाशिष्ठी चिपळूणवरून अरबी समुद्राला मिळते. म्हणजे शिवसागरातले शेजारशेजारचे दोन थेंब दोन वेगळ्या समुद्रांत पोहोचू शकतात! संपूर्ण प्रकल्पाची वीजनिर्मितीची क्षमता १९६० मेगावॉट आहे.

या विजेची किंमत खोऱ्यातल्या माणसांनी मोजली, हे विसरून चालणार नाही. अनेक गावे पाण्याखाली गेली, लोकांना घरे-शेते सोडून दूर जावे लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी इथे मोठा भूकंप झाला. जलाशयातल्या पाण्याचा आणि इथल्या भूकंपांचा संबंध शास्त्रज्ञ आजही अभ्यासत आहेत.

जलाशयाच्या काठचे दाट जंगल १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झाले. २०१० मध्ये ते आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. इथे बिबट्या, अस्वल, सांबर आणि भेकर आहेत. गवा ओळखायला सोपा: काळपट धिप्पाड अंग आणि पायांत जणू पांढरे मोजे. रानकुत्री, म्हणजे कोळसुंदे, कळपाने शिकार करतात आणि भुंकण्याऐवजी शिट्टीसारखा आवाज काढून एकमेकांना हाका मारतात. झाडांच्या शेंड्यांवर महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू राहतो. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर लांब उडी घेताना झुबकेदार शेपटीने तोल सांभाळतो. काड्या-पानांची गोल घरटीही तो एक नाही, अनेक बांधतो. उंच झाडाच्या दुबेळक्यात पानांचा मोठा गोळा दिसला, तर ते बहुधा शेकरूचे घर असते.