ऊन लागायच्या आत उचललेली पन्नी

समुद्रकिनाऱ्यावरचा प्लास्टिक कचरा उचलायचा म्हटलं की आपल्याला मुंबई आठवते, वर्सोव्याला अफरोज शाह यांनी 2015 मध्ये सुरू केलेली सफाई आठवते. आमच्या नांदेडला समुद्र नाही. पण गोदावरी आहे, आणि ती बासरजवळ तेलंगणात शिरून पुढं आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते, त्र्यंबकेश्वरपासून एकूण 1465 किलोमीटर. घाटावर पडलेलं सगळंच काही तिथवर पोचत नाही, बरंचसं वाटेतल्या बंधाऱ्यांत, धरणांत, काठच्या गाळात अडकतं, पण पूर आला की घाटावरचं निघतं एवढं नक्की.

म्हणून सकाळी फिरायला जाताना मी खताचं एक रिकामं चुंगडं सोबत नेतो. सुरुवातीला एक आजोबा रोज विचारायचे, "काय गोळा करायलास रे बाबा?" आता तेच पाण्याचे पाऊच पायानं एका बाजूला सारून ठेवतात माझ्यासाठी.

मागच्या मे महिन्यात खडकाला चिकटलेली एक पांढरी कॅरीबॅग उचलायला गेलो तर ती हातात पापडासारखी चुरली. निम्मी बोटांना, निम्मी वाळूत. ती वाळूतली निम्मी काही केल्या वेचता येईना.

हे का होतं? पॉलिथिन म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्या साखळ्या जागोजागी तोडतात, उष्णता ते काम आणखी वाढवते, मग पन्नी आधी कडक होते, तडकते आणि तिचे तुकडे पडतात. तुकडे पडले म्हणजे ती कुजली असं नाही, प्लास्टिक प्लास्टिकच राहतं. 5 मिलिमीटरपेक्षा लहान झालं की त्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात, ते मग मासे, शिंपले खातात. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायची गरज नाही खरं तर. ठिबकची नळी काळी का असते? तिच्यात कार्बन ब्लॅक घातलेलं असतं, ते अतिनील किरण शोषून घेतं म्हणून नळी वर्षानुवर्षं उन्हात टिकते. साध्या कॅरीबॅगला असं संरक्षण नसतं.

पाण्यात हीच झीज बरीच हळू होते, कारण पाणी थंड असतं, आणि वर शेवाळ चढलं की ऊनही कमी लागतं. म्हणजे चुरा जास्त करून कोरड्या काठावर होतो, मग तो समुद्राचा किनारा असो की आपला 42-43 डिग्रीत तापलेला घाट, आणि आपला हात पोचतो तोही तिथंच! मला हे कळलं तेव्हा उचलायच्या सवयीकडं बघायची नजरच बदलली.

बाटल्यांचं वेगळं आहे. बाटलीचं पेट प्लास्टिक पाण्यापेक्षा जड, झाकण मात्र हलकं, त्यामुळं उघडी बाटली भरून बुडते आणि झाकण तरंगत लांब जातं. म्हणून मी झाकण लावूनच बाटली चुंगड्यात टाकतो, भंगारवाला दोन्ही घेतो. गुटख्याच्या पुड्या कोणी घेत नाही, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले, ते सुटे करायचे कसे. त्या घंटागाडीत देतो, जाळत नाही.

होळी झाली की आता आधी उघड्या खडकांवरच्या पन्न्या वेचतो, झाडाखालच्या सावलीतल्या नंतर.