सह्या दिल्या म्हणजे गाडी नावावरून गेली?

'स्टॅम्प पेपरवर करार केला, मालकी बदलाच्या आरटीओ फॉर्म २९-३० वर सह्या दिल्या की विकलेल्या गाडीची जबाबदारी संपली,' असा समज वर्षानुवर्षं फिरतोय. करार हा व्यवहाराचा पुरावा, तो जपून ठेवाच. पण मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार मालक म्हणजे आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तो. म्हणून नंतरचं ई-चलान तुमच्याच मोबाइलवर येतं. अपघात झाला तर भरपाईच्या दाव्यातही तुम्हीच ओढले जाता. कलम ५० प्रमाणे, राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर ती आरटीओला कळवायला विकणाऱ्याला १४ दिवस मिळतात. फॉर्मवर तारीख, घेणाऱ्याचं नाव कोरं सोडू नका ('नंतर भरतो' म्हणणारा एजंट भेटतोच). महिन्याभराने सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाका; मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, पण अक्षरांवरून बदल कळतो.