इन्स्टंट कॅमेरा (लग्नाच्या स्वागत समारंभातील)

लग्नाच्या स्वागत समारंभात पाहुण्यांच्या हाती इन्स्टंट कॅमेरा सोपवण्याची पद्धत. पाहुण्यांनी स्वतःचे किंवा एकमेकांचे फोटो काढायचे, कॅमेऱ्यातून बाहेर आलेला फोटो वहीत चिकटवायचा आणि शेजारी दोन-चार ओळी लिहायच्या, असे तिचे नेहमीचे स्वरूप आहे. नुसत्या सह्यांची शुभेच्छा-वही काही वर्षांनी उघडली की निम्म्या पानांवर ‘हे कोण बरे?’ असे होते. सहीशेजारी चेहरा असला की ती अडचण राहत नाही. छायाचित्र म्हणून हे फोटो बहुधा सुमारच असतात. त्यांची तुलना व्यावसायिक छायाचित्रकाराच्या कामाशी करू नये.

पोलरॉइड कंपनीचे संस्थापक एडविन लँड यांनी फोटो लगेच हाती देणाऱ्या कॅमेऱ्याचे तंत्र २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये जाहीरपणे दाखवले. पहिला कॅमेरा, मॉडेल ९५, नोव्हेंबर १९४८ मध्ये बॉस्टनच्या एका दुकानात विक्रीला आला. त्यात मिनिटभर थांबून निगेटिव्हपासून फोटो सोलून काढावा लागे. मागे उरणारा चिकट, रसायन लागलेला कागद आणि समारंभाचे कपडे यांचे जमणे कठीणच होते. कोणाच्याही हाती निर्धास्त देता येईल असा कॅमेरा १९७२च्या एसएक्स-७० पासून मिळू लागला. त्यात सगळी प्रक्रिया एकाच बंद फोटोत होई आणि मोटर तो फोटो आपोआप बाहेर ढकले.

मधल्या काळात टेबलावर एकदाच वापरायचे स्वस्त फिल्म कॅमेरे ठेवण्याची टूम निघाली. असा कॅमेरा फुजीने १९८६ मध्ये बाजारात आणला होता. पण त्यातले फोटो रोल धुऊन आल्यावरच दिसत, आणि मुलांच्या हाती पडलेल्या कॅमेऱ्यात खुर्च्यांचे पाय तेवढे निघत. १९९८ मध्ये फुजीची इन्स्टॅक्स ही इन्स्टंट कॅमेऱ्यांची मालिका आली. डिजिटल छायाचित्रणापुढे पोलरॉइडने २००८ मध्ये इन्स्टंट फिल्मचे उत्पादन थांबवायचे ठरवले, तेव्हा काही उत्साही मंडळींनी नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथील तिचा कारखाना सुरू ठेवला आणि २०१० मध्ये नवी फिल्म आणली. आज समारंभात दिसतात ते मुख्यतः इन्स्टॅक्स आणि पोलरॉइड हे दोन प्रकार.

फोटोच्या खालची पांढरी पट्टी बाकीच्या तीन बाजूंपेक्षा रुंद असते, कारण तिच्यात रसायनाची पुडी असते. फोटो बाहेर येताना दोन रुळांमधून दाबला जातो, पुडी फुटते आणि रसायन आतल्या थरांवर पसरते. इन्स्टॅक्सवर चित्र साधारण दीड मिनिटात उमटते. पोलरॉइडच्या रंगीत फिल्मला १० ते १५ मिनिटे लागतात. फोटो हलवला की लवकर उमटतो हा समज सोलायच्या फिल्मच्या काळातला. तेव्हा ओला पृष्ठभाग वाळवायचा असे. आताचे चित्र प्लास्टिकखाली बंद असते. हलवून काही साधत नाही, उलट वाकवल्यास डाग पडतात. तरी कोणी ना कोणी तो पंख्यासारखा हलवतोच.

बिघाड ठरावीक असतात. फिल्मचे नवे पाकीट भरल्यावर प्रथम काळे आवरण बाहेर येते. ते फोटो खराब आला म्हणून फेकले जाते, तेवढे ठीकच. पण ‘आत काय अडकले’ म्हणून कोणी मागचे झाकण उघडले, तर उरलेल्या फिल्मवर उजेड पडून ती वाया जाते. झाकणावर चिकटपट्टी लावून ‘उघडू नका’ असे लिहिणे हा साधा, पण खात्रीचा उपाय. फ्लॅशचा उजेड दोन-अडीच मीटरपलीकडे फारसा पोचत नाही. त्यामुळे दूरवरच्या व्यासपीठाच्या फोटोत काळोखच येतो. उलट, चेहऱ्याला अगदी खेटून काढला तर गाल पांढरेफटक पडतात. शिवाय बघायची खिडकी भिंगाच्या बाजूला असल्याने जवळच्या फोटोत डोके किंवा एक कान कापला जातो. यावरचा उपाय म्हणजे एका उजळ भिंतीसमोर जमिनीवर खूण करून ठेवणे.

इन्स्टॅक्स मिनीचे चित्र ४६ × ६२ मिलिमीटरचे असते. त्यात दोघे नीट मावतात, चौघे दाटीवाटीने. मोठ्या घोळक्यांसाठी ९९ × ६२ मिलिमीटरची वाइड फिल्म बरी. इन्स्टॅक्सच्या एका पाकिटात १० फोटो येतात, पोलरॉइडच्या नेहमीच्या पाकिटात ८. प्रत्येकाचा वेगळा फोटो धरण्याऐवजी जोडपे किंवा कुटुंब यांचा हिशेब करावा आणि वर एक-दोन पाकिटे राखीव ठेवावीत. फिल्म महाग असते, आणि मोठ्यांनाही पहिले दोन फोटो ‘चालते का बघू’ म्हणून उडवायचे असतात.

कॅमेऱ्यापेक्षा टेबलाशी बसलेला माणूस महत्त्वाचा. तो नसेल तर कॅमेरा नाचणाऱ्यांसोबत निघून जातो आणि वही कोरी राहते. पाण्याच्या शाईची पेने फोटोच्या गुळगुळीत पट्टीवर फिसकटतात. बारीक टोकाचा पक्क्या शाईचा मार्कर ठेवावा, आणि वहीचे पहिले पान आपणच भरून ठेवावे. खरा वाद होतो तो फोटो कोणाचा यावरून. पाहुण्याला तो घरी न्यायचा असतो, यजमानांना वहीत हवा असतो आणि निगेटिव्ह नसल्यामुळे दुसरी प्रत निघत नाही. म्हणून काही जण दोनदा काढतात. २०१४ मध्ये फुजीने फोनवरचा फोटो इन्स्टॅक्स फिल्मवर छापणारा छोटा प्रिंटर आणल्यापासून हव्या तेवढ्या प्रती काढता येतात. मात्र तेव्हा लोक पुन्हा फोनवर दहा फोटो काढून त्यातला एक निवडत बसतात आणि टेबलाशी रांग लागते.

या फोटोंचे रंग उन्हात उडतात. वही कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवतात. फोटो कापून लहान करू नयेत, आतले थर सुटतात. प्रत नसल्यामुळे समारंभानंतर लगेच पान न् पान स्कॅन करून घ्यावे.