नव्या गाडीवरची गोल जाळी कुठून येते?

‘नव्या गाडीच्या रंगावर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसले, तर ती वापरलेली गाडी आहे’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. शंका येणं साहजिक आहे, पण निष्कर्ष घाईचा आहे.

रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो. तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. धुळीतले वाळूचे कण त्याच्यापेक्षा कठीण असतात. डिलरकडे ताबा देण्याआधी गाडी घाईने धुतात. एकच बादली, तेच फडकं, कधी जमिनीवर पडलेलं. त्यातले कण रंगावर घासले जातात. एकही किलोमीटर न धावलेल्या गाडीवर जाळी पडायला एवढं पुरतं.

आणि हे ओरखडे बहुधा गोल नसतातच! ते वाटेल त्या दिशेने गेलेले असतात. प्रकाशाला आडवे असलेले तेवढे चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं भासतात. मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरून सरकवा, वर्तुळंही सोबत सरकतील.

गाडी वापरलेली आहे का, हे ओडोमीटर, टायरची झीज, पेडलचं रबर सांगतं. पुन्हा रंगवल्याचा संशय असेल तर रंगाची जाडी मोजणारं यंत्र मिळतं. एखाद्याच पत्र्यावर आकडा बराच जास्त आला तर विचारा.

ताबा घेताना मात्र गाडी उन्हात उभी करायला लावाच. शोरूमच्या पसरट उजेडात ही जाळी सहसा दिसत नाही.