डेटाबेस फुकट, देखभाल विकत

लासलगाव किंवा पिंपळगावला कांद्याचा लिलाव उरकला की माल काट्यावर जातो आणि शेतकऱ्याच्या हाती हिशोबपट्टी पडते. ती छापणारा प्रोग्राम बहुधा नाशिकमधल्या एखाद्या छोट्या सॉफ्टवेअरवाल्याने लिहिलेला असतो. प्रोग्राम एकदाच विकला जातो. घर चालते ते दरवर्षीच्या एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभाल करारावर. प्रोग्रामखालचा डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदी साठवणारे सॉफ्टवेअर, तर आता फुकटच मिळतो. असे का झाले, त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत ठेवायची कल्पना मांडली. तोवर एखादी नोंद कोणत्या वाटेने गाठायची हे प्रोग्रामरलाच ठाऊक असावे लागे. आता फक्त काय हवे ते सांगायचे, शोधायचे काम यंत्राचे. चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये त्यासाठी जी भाषा मांडली, तीच आजची एसक्यूएल. गंमत अशी की कल्पना आयबीएमची, पण एसक्यूएलवर चालणारा डेटाबेस १९७९ मध्ये आधी बाजारात आणला ओरॅकलने. परवडायचा मात्र बँका आणि मोठ्या कारखान्यांनाच.

छोट्या धंद्यांपर्यंत पोचले ते डीबेस आणि फॉक्सप्रो. यात सर्व्हर वगैरे भानगड नव्हती; नोंदींची डीबीएफ फाइल एका पीसीवर ठेवायची आणि बाकीच्यांनी ती नेटवर्कवरून उघडायची. स्वस्त आणि चपळ. पण नोंद लिहिता लिहिता वीज गेली की इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची सूची, बिघडायचा, बेरजा चुकायच्या, आणि मग फोन. नाशिकसारख्या शहरात सपोर्ट म्हणजे स्कूटरवर येऊन ती सूची पुन्हा बांधणारा (रीइंडेक्स करणारा) आणि जाताना फ्लॉपीवर बॅकअप घेणारा माणूस. माझ्या मते एएमसीची सवय आपल्याकडे इथेच लागली. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये फॉक्स सॉफ्टवेअर विकत घेतली, २००४ मध्ये शेवटची मोठी आवृत्ती काढली आणि जानेवारी २०१५ मध्ये तिचाही सपोर्ट संपवला. कंपनीने हात काढले म्हणून प्रोग्राम थोडेच थांबतात! तिथून पुढे सांभाळायचे ते स्थानिक माणसानेच.

दरम्यान १९९५ मध्ये मायएसक्यूएल हा डेटाबेस आला. सॉफ्टवेअर फुकट उतरवून घ्या. अडचणीला हक्काचा माणूस किंवा व्यावसायिक लायसन्स हवे असेल तर पैसे मोजा. हा धंदा चालतो का, याचे उत्तर २००८ मध्ये मिळाले: सन मायक्रोसिस्टिम्सने त्यासाठी सुमारे १०० कोटी डॉलर मोजले. दोनच वर्षांत सन ओरॅकलकडे गेली. मूळ कर्त्यांपैकी माँटी विडेनियस यांनी त्याआधीच त्याच कोडवरून मारियाडीबी हा वेगळा फाटा काढला होता. दोन्ही नावे त्यांच्या मुलींची, माय आणि मारिया. बर्कलीच्या विद्यापीठात जन्मलेल्या पोस्टग्रेसक्यूएल या दुसऱ्या फुकट डेटाबेसला मात्र कुणी एक मालकच नाही. तिथे प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात, तारखा आधी जाहीर असतात. ग्राहकाशी करार करताना ही खात्री फार कामाची.

हाताशी लागणारी साधनेही पुष्कळदा विकासकांच्या स्वतःच्या गरजेतूनच आली. ओरॅकलवर काम करणाऱ्यांचे टोड हे साधन असेच. १९९८ मधल्या पीएचपीमायअॅडमिनमुळे तर ब्राउझरमधूनच तक्ते दिसू लागले आणि स्वस्त होस्टिंग घेऊन साइट बनवणाऱ्या पोरांना कमांडची भीती उरली नाही. चुकून अख्खा तक्ता उडवणेही तितकेच सोपे झाले, ते वेगळे.

२००९ मध्ये अॅमेझॉनने मायएसक्यूएल भाड्याने द्यायला सुरुवात केली: बॅकअप त्यांचा, पॅच म्हणजे दुरुस्त्याही त्यांच्याच. नाशिकमध्येही ईएसडीएससारखी कंपनी डेटा सेंटर चालवते. मग स्कूटरवाल्याचे काम संपले का? २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले. वर्षभरात जीएसटी आला. पट्टीतला कपातीचा रकाना काढायचा, जुन्या नोंदींना धक्का न लावता नवा हिशोब बसवायचा, हे असा भाड्याचा कुठलाही क्लाउड करून देत नाही. एएमसीच्या दराची घासाघीस करणारे व्यापारीही त्या दिवसांत आधी फोन लावत होते, दराचे नंतर बोलू म्हणत.