सीआरपी ताई किंवा बीसी सखी व्हायचंय? अर्जाआधी ठराव लागतो

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याची कुटुंबं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात, तेव्हा पुष्कळांच्या डोक्यावर आधीच घेतलेली उचल असते. मध्येच आजारपण आलं की सावकार, नाहीतर पुन्हा उचल. अशा घरापर्यंत गटाचं कर्ज, बँकेचं खातं आणि विम्याचा दावा पोचवते ती 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातली समुदाय संसाधन व्यक्ती, म्हणजे आपली सीआरपी ताई. पैसे काढायला-भरायला तालुक्याची एसटी धरावी लागू नये म्हणून गावातच बसते ती बीसी सखी, म्हणजे बँकेची गावातली प्रतिनिधी.

दोन्ही कामं वेगळी आहेत. सीआरपीला मानधन मिळतं. राज्य शासनाने 2023 मध्ये ते महिना 3,000 वरून 6,000 रुपये केलं. बीसी सखीची कमाई मुख्यतः व्यवहारांवरच्या कमिशनची. गावात उलाढाल कमी असेल तर कमाईही बेताचीच, हे घरी आधीच सांगून ठेवा.

पात्रतेची पहिली अट म्हणजे बचत गटाचं सदस्यत्व. गट साधारण 10 ते 20 जणींचा, डोंगरी-आदिवासी भागात 5 जणींचाही चालतो. सीआरपीला लिहिता-वाचता आणि हिशेब ठेवता आला पाहिजे, कारण गटाच्या वह्या तिलाच बघायच्या असतात. बीसी सखीला दहावी पास असणं, आरसेटीचं (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचं) प्रशिक्षण आणि आयआयबीएफ या बँकिंग संस्थेची परीक्षा हे सगळं लागतं. स्वतःचं कर्ज थकलेलं असेल तर बँक तिथेच अडवते.

अर्ज करायचा कुठे? बायका थेट पंचायत समितीत जातात आणि हात हलवत परत येतात. सुरुवात गटाच्या बैठकीतून होते. गटाने नाव सुचवायचं, ग्रामसंघाने (गावातल्या गटांच्या संघाने) ठराव करायचा आणि मग तो ठराव पंचायत समितीतल्या उमेदच्या तालुका कक्षात द्यायचा. कोणतं पद रिकामं आहे तेही तिथेच कळतं. माझ्या मते सगळ्यात वजनदार कागद हा ठरावच. ज्या बाईकडे बायका स्वतःच्या कर्जाची गोष्ट बोलत नाहीत, तिची पदवी या कामात काय उपयोगाची? निवड करून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत.

ठरावासोबत आधार, बँक पासबुक, रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा गुणपत्रिका आणि फोटो ठेवा. बीसी सखीसाठी पॅन आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखलाही लागतो.

गाडी अडते ती नावावर. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच स्पेलिंग! ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणीचा दाखला काढा आणि आधी आधार, मग पॅन, मग पासबुक याच क्रमाने नाव सारखं करून घ्या. प्रशिक्षणाची तारीख लागल्यावर ही धावपळ करायला वेळ उरत नाही.

निवड झाल्यावर गटाचं बँक कर्ज हे मोठं काम. महिला गटाला 3 लाखांपर्यंतचं कर्ज 7 टक्क्यांनी मिळतं आणि 10 लाखांपर्यंत तारण मागता येत नाही. शाखेत कोणी कागद परत केले तर हे दोन आकडे तोंडपाठ असू द्या. तरीही अडलं तर नाशिक जिल्ह्याची अग्रणी बँक (जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणारी) बँक ऑफ महाराष्ट्र आहे, तिथल्या जिल्हा व्यवस्थापकांना लेखी कळवता येतं.

विम्याकडे मात्र पहिल्या दिवसापासून बघा. प्रधानमंत्री सुरक्षा (अपघात) विम्याचे 20 आणि जीवन ज्योती विम्याचे 436, असे 456 रुपये दर वर्षी मेअखेरीस खात्यातून कापले जातात. शिल्लक नसेल तर विमा बंद पडतो, आणि नेमकी तेव्हा कुटुंबं कामावरून परतून हातउसने फेडत असतात. कमावतं माणूस गेलं आणि घर दारिद्र्यरेषेखालचं असेल, तर तहसीलमधून राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे 20,000 रुपयेही मिळतात. त्यासाठी मृत्यू दाखल्याच्या दोन-तीन प्रती जास्तच काढून ठेवायला सांगा.