जनावर न पाहता दिलेला सल्ला: एका अटीची पार्श्वभूमी

पशुवैद्याने फोनवरून किंवा व्हिडिओवरून उपचार सुचवावेत का, हा वाद कोविडने आणला असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो बराच जुना आहे आणि त्याचं मूळ औषधांच्या नियमांत आहे.

अमेरिकेत १९९४ साली झालेल्या कायद्याने पशुवैद्यांना एक मोकळीक दिली. माणसांसाठी किंवा दुसऱ्या जातीच्या जनावरांसाठी मंजूर झालेली औषधंही त्यांना गरजेप्रमाणे वापरता येऊ लागली. त्यातली मुख्य अट अशी, की डॉक्टरने ते जनावर अलीकडे स्वतः तपासलेलं असावं किंवा गोठ्याला वेळोवेळी भेट दिलेली असावी. अट रास्त होती. औषधाचा अंश दुधात आणि मांसात उतरतो, तिथून तो माणसाच्या पोटात जातो.

पुढे टेक्सास राज्याने २००५ मध्ये, केवळ फोन किंवा इंटरनेटवरून उपचारासाठी कायद्याला लागणारं डॉक्टर आणि जनावर यांचं नातं जुळत नाही, असा नियम केला. एकही गोळी लिहून न देणारा डॉक्टरसुद्धा त्यात आला. औषध आणि सल्ला, दोन्ही एकाच दावणीला बांधले गेले. माझ्या मते गुंता झाला तो इथे.

त्यात सापडले ब्राउन्सव्हिलचे निवृत्त पशुवैद्य रोनाल्ड हाइन्स. अपंगत्वामुळे घरीच असलेले हाइन्स देशविदेशातल्या मालकांच्या ईमेलना उत्तरं देत. ५८ डॉलर फी घेत, परवडत नसेल त्याच्याकडून काहीच घेत नसत. औषधं ते लिहून देत नसत. राज्याच्या पशुवैद्यक मंडळाने २०१३ मध्ये त्यांच्यावर कारवाई केली आणि ५०० डॉलर दंडही केला. त्यांच्या सल्ल्याने एखाद्या जनावराला इजा झाली, असा आरोप मात्र कुणीच केला नव्हता.

हाइन्स कोर्टात गेले आणि २०१५ मध्ये अपिलात हरले. हे व्यवसायाचं नियमन आहे, भाषणस्वातंत्र्याचा प्रश्न नाही, असं कोर्टाने म्हटलं. व्यावसायिकाचं बोलणं म्हणून घटनेचं संरक्षण कमी होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वेगळ्याच एका खटल्यात सांगितलं, तेव्हा हाइन्सनी पुन्हा दावा लावला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. एका साध्या ईमेलसाठी म्हाताऱ्या डॉक्टरने अकरा वर्षं झगडावं, याची मला मनापासून चीड येते.

दरम्यान कोविडकाळात, मार्च २०२० मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने प्रत्यक्ष तपासणीच्या अटीची अंमलबजावणी तात्पुरती थांबवली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती सवलत संपली. तोवर लोकांना सवय लागली होती. जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियाने थेट व्हिडिओवरच्या तपासणीला मान्यता दिली, पण तशा तपासणीवर प्रतिजैविकं १४ दिवसांपुरतीच देता येतात. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२३ पासून दुरून औषध लिहिता येतं, मात्र प्रतिजैविकांसाठी, अपवाद सोडता, जनावर प्रत्यक्ष पाहावंच लागतं. अंतराऐवजी औषधाचा धोका पाहून बंधन घालण्याची ही रीत मला योग्य वाटते.

आपल्याकडचा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे, मोबाइल येण्याआधीचा. माणसांच्या डॉक्टरांसाठी मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, पण त्यांच्या कक्षेत पशुवैद्य येत नाहीत. शेतकरी आज १९६२ या क्रमांकावर फोन लावून फिरतं पथक गोठ्यावर बोलावू शकतो. फोनवर डॉक्टरशी बोलणं होतं, तसं गाडीतून डॉक्टरही येतो.

भारतात खरी अडचण वेगळीच आहे. १९८४ च्या कायद्याच्या कलम ३० नुसार पशुधन पर्यवेक्षकासारख्या पदविकाधारकाला, राज्याने परवानगी दिली तर, नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली किरकोळ उपचार करता येतात. पर्यवेक्षक गोठ्यात गायीजवळ उभा आहे आणि डॉक्टर तालुक्याहून व्हिडिओवर पाहतोय, तर ती देखरेख धरायची की नाही, हे त्या कलमात कुठेच सांगितलेलं नाही.